आफ्रिकेचे डोंगर, दऱ्या आणि नद्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात भूगोल शिकवताना आफ्रिकेचा धडा आला की परीक्षेपुरती नाईलची लांबी पाठ होते, किलिमांजारोची उंची पाठ होते आणि पेपर झाला की दोन्ही विसरली जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. या खंडाचा एकच गुण नीट ध्यानात धरला तर बाकीचं बरंचसं आपोआप उलगडत जातं: आफ्रिका हे मुळात एक जुनं, उंच पठार आहे. विदर्भातल्या माणसाला तर ही जमीन परकी वाटायचं काहीच कारण नाही, कारण एकेकाळी आपली आणि तिची जमीन एकच होती. शाळेतली मुलं, त्यांचे पालक आणि एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काही प्रश्न त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

आफ्रिका नक्की केवढी मोठी आहे?

सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटर. भारताचं क्षेत्रफळ ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आफ्रिकेत नऊ भारत मावतात आणि वर थोडी जागा उरते. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात हे कळत नाही. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात आणि विषुववृत्ताजवळचे जवळपास आहेत तसे राहतात. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढं भासतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. २०२५ मध्ये आफ्रिकी महासंघानेही हा नकाशा बदलावा या मोहिमेला पाठिंबा दिला. शाळेत पृथ्वीगोल असेल तर कपाटातून बाहेर काढा आणि मुलांच्या हातात द्या. विषुववृत्त, कर्कवृत्त आणि मकरवृत्त, तिन्ही एकाच खंडावरून जाताना बोटाने दाखवता येतात.

अख्खा खंड पठार आहे, म्हणजे नेमकं काय?

परात उपडी घातली की मधला भाग उंच आणि सपाट राहतो आणि काठाशी एकदम उतार लागतो, तसा हा खंड आहे. सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. आपलं नागपूर ३१० मीटरवर आहे, म्हणजे आफ्रिकेची सरासरी जमीन आपल्या दुप्पट उंचीवर. दक्षिण आणि पूर्व भाग तर बहुतेक ठिकाणी हजार मीटरच्या वर आहे. उत्तर आणि पश्चिम भाग त्या मानाने सखल. किनारपट्टी बहुतेक ठिकाणी अरुंद.

या पठाराच्या पाठीवर मोठमोठे खोलगट भाग आहेत: काँगोचं खोरं, चाडचं खोरं, सुदानचा सखल भाग, दक्षिणेत कालाहारी, पश्चिम सहारात एल जूफ. नद्या आधी या खोलगट भागांत गोळा होतात, संथ पसरतात, आणि मग कुठेतरी पठाराचा काठ फोडून समुद्राकडे उतरतात. म्हणून आफ्रिकेतल्या बहुतेक मोठ्या नद्यांवर धबधबे आणि धावत्या (खडकांवरून उसळत जाणारे वेगवान प्रवाह) आहेत, कधीकधी अगदी मुखाजवळ. समुद्रातून जहाज आत घालून नदीच्या वाटेने खंडाच्या पोटात शिरणं त्यामुळेच अवघड गेलं. वीजनिर्मितीला जागा भरपूर मिळण्याचं कारणही तेच.

आणि हवा! नैरोबी विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर, पण उंची सुमारे १,८०० मीटर. अदिस अबाबा सुमारे २,३५० मीटरवर. आपण मे महिन्यात कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी भरत असतो, तेव्हा विषुववृत्ताच्या जवळच्या त्या शहरांत संध्याकाळी स्वेटर लागतो.

मॅडम, आपल्या नागपूरचा आफ्रिकेशी काय संबंध?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर थोडं लांब आहे.

माझ्याकडे उमरेड भागातल्या कोळशाच्या थरालगतचा शेलचा एक चपटा तुकडा आहे. राखाडी, हातात घेतला की कडा भुसभुशीत लागतात. त्यावर पानाचा ठसा आहे: जिभेसारखा लांबट आकार, मधोमध ठळक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. उजेडात तिरपा धरला तरच जाळी दिसते. हे ग्लॉसॉप्टेरिस, सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचं झाड. ही पानं दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या खडकांत सापडतात, दक्षिण अमेरिकेत सापडतात, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकावरही सापडतात. समुद्र ओलांडून हे झाड इतक्या ठिकाणी जाणं शक्य नव्हतं. तेव्हा हे सगळे भूभाग एकमेकांना जोडलेले होते आणि त्या महाखंडाला भूवैज्ञानिक गोंडवन म्हणतात. नाव आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलं, कारण या खडकांचा अभ्यास इथे झाला. १८५०च्या दशकात नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी आणि आसपासच्या भागातून असे जीवाश्म गोळा केले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे, तेच हे.

कामठीचा, उमरेडचा, चंद्रपूरचा कोळसा आणि दक्षिण आफ्रिकेतला कोळसा हे एकाच कालखंडातल्या जंगलांचे अवशेष आहेत. त्याआधी तर हा सगळा प्रदेश बर्फाखाली होता. चंद्रपूरजवळ इरई इथे हिमनद्यांनी ओरखडे पाडलेला खडक नोंदला गेला आहे, आणि तसेच ओरखडे दक्षिण आफ्रिकेतही आहेत. आज ज्या चंद्रपूरचं नाव उन्हाळ्यात तापमानाच्या बातमीत येतं, तिथे एकेकाळी हिमनद्या सरकत होत्या.

पुढे गोंडवन फुटलं. भारत आणि मादागास्कर आफ्रिकेपासून सुटले, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिलं आणि भारत एकटा उत्तरेकडे सरकला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून दख्खनचं पठार तयार झालं. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती टेकडी त्याच लाव्ह्याच्या काळ्या बेसॉल्टची, आणि त्या लाव्ह्याची पूर्वेकडची हद्द नागपूरपाशीच संपते. शहराच्या पश्चिमेला काळा दगड, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. एका शहरात उभं राहून गोंडवनाचा अर्धा इतिहास दाखवता येतो. दुसरा अर्धा आफ्रिकेत आहे.

मग आफ्रिकेत हिमालयासारखी रांग का नाही?

भारत उत्तरेकडे जाऊन आशियावर आदळला, म्हणून हिमालय उभा राहिला. आफ्रिकेच्या वाट्याला अशी टक्कर फक्त उत्तर टोकाला आली, युरोपच्या बाजूने. तिथे ॲटलास हा वली पर्वत आहे. मोरोक्कोतलं तूबकाल हे त्याचं सर्वोच्च शिखर, ४,१६७ मीटर. बाकीच्या खंडातली बहुतेक उंची वेगळ्या कारणांची आहे. कुठे ज्वालामुखी, कुठे खालून जमीन उचलली गेलेली, कुठे पठाराचा काठ झिजून उरलेला. दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोतला ड्रॅकेन्सबर्ग हा असा काठ आहे. माथ्यावर बेसॉल्ट, समोर कडा, आणि सर्वोच्च शिखर ताबाना न्टलेन्याना ३,४८२ मीटर. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्याला त्याचे फोटो ओळखीचे वाटतील.

किलिमांजारो विषुववृत्ताजवळ आहे, तरी त्यावर बर्फ कसा?

उंचीमुळे. किलोमीटरभर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते आणि किलिमांजारो ५,८९५ मीटर उंच आहे. टांझानियातला हा ज्वालामुखी पर्वत किबो, मावेन्झी आणि शिरा अशा तीन शंकूंचा बनलेला आहे. सर्वोच्च भाग किबोवर. दुःखाची गोष्ट अशी की १९१२ पासून त्यावरचा ८० टक्क्यांहून अधिक बर्फ नाहीसा झाला आहे. माउंट केनिया (५,१९९ मीटर) हाही ज्वालामुखी. युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरचा रुवेंझोरी (५,१०९ मीटर) मात्र ज्वालामुखी नाही, तो प्रस्तरभंगांमधून उचलला गेलेला गट पर्वत आहे. परीक्षेत इथेच गुण जातात.

आफ्रिकेचे दोन तुकडे होऊन राहिले म्हणे, खरं हाय का?

खरं आहे, पण घाई नाही. २०१८च्या मार्चमध्ये केनियात जमिनीला पडलेल्या भेगेचा व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरला होता. रस्ता तुटलेला, भेग दोन्ही बाजूंना लांबवर गेलेली. ती भेग खरी होती. मात्र तिथली जमीन ज्वालामुखीच्या मऊ राखेची आहे आणि मुसळधार पावसाने ती आतून वाहून गेली, असं बहुतेक भूवैज्ञानिकांचं मत पडलं. एका पावसात खंड फाटत नसतो.

खंड फाटण्याची खरी क्रिया त्याच प्रदेशात फार खोलवर चालू आहे. इथिओपियातल्या अफारपासून केनिया, टांझानिया, मलावी असं करत मोझांबिकपर्यंत खचदरी गेली आहे. पूर्वेकडची जमीन उरलेल्या आफ्रिकेपासून वर्षाला काही मिलिमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात त्याहूनही सावकाश, दूर सरकते. दोन्हीकडे ताण पडतो, मधला पट्टा खचतो, कडा उभ्या राहतात, फटींतून लाव्हा वर येतो. क्वचित ही क्रिया डोळ्यांदेखत होते. २००५च्या सप्टेंबरमध्ये अफारमधल्या दाब्बाहू इथे काही दिवसांत सुमारे ६० किलोमीटर लांबीची फट उघडली आणि जमीन काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत बाजूला झाली. कोट्यवधी वर्षांनी तिथे समुद्र शिरेल. अफारजवळ जमीन आत्ताच समुद्रसपाटीच्या खाली आहे. जिबूतीतलं असाल सरोवर उणे १५५ मीटरवर आहे, आफ्रिकेतला सर्वांत खालचा बिंदू.

व्हिक्टोरिया सरोवर एवढं पसरट आणि उथळ, टांगानिका अरुंद आणि खोल. असं का?

खचदरीला दोन फाटे आहेत, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. टांगानिका पश्चिम फाट्याच्या आत, खचलेल्या पट्ट्यात आहे, म्हणून लांबुळकं आणि खोल: १,४७० मीटर. जगात त्याहून खोल फक्त बैकल. मलावी सरोवर त्याच जातीचं, ७०० मीटरच्या आसपास. व्हिक्टोरिया कुठल्याच फाट्यात नाही. दोन्ही फाट्यांच्या मधला भाग किंचित दबला आणि त्यात पाणी साठलं. क्षेत्रफळ जवळपास ६८,८०० चौरस किलोमीटर, खोली मात्र ८० मीटरच्या आसपास.

नाईल उलटी कशी काय वाहते, खालून वर?

नकाशात वर म्हणजे उत्तर असते, उंच नसते. पाणी उताराकडे जातं, दिशा उतार ठरवतो. आपल्या जवळचं मुलताई पाहा. तिथे तापी उगम पावते आणि पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. त्याच परिसरातून वर्धा नदी निघते आणि दक्षिणेला येऊन अखेर गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरात जाते. रवांडा-बुरुंडीच्या डोंगरांत असाच जलविभाजक आहे. एका उतारावर पडलेला पाऊस नाईलमधून भूमध्य समुद्रात पोहोचतो, दुसऱ्या उतारावरचा काँगोमधून अटलांटिक महासागरात.

नाईलचं पाणी येतं कुठून?

पुस्तकात उगम व्हिक्टोरिया सरोवर लिहिलेला असतो आणि तेवढ्यावर थांबतात. लांबीच्या हिशेबाने ते ठीक आहे. सुमारे ६,६५० किलोमीटरची ही नदी व्हिक्टोरियाच्याही मागे, कागेरा नदीच्या उगमापर्यंत मोजतात. पण पाण्याचा हिशेब निराळा आहे.

व्हिक्टोरियातून निघालेली पांढरी नाईल दक्षिण सुदानमध्ये सद्द नावाच्या प्रचंड दलदलीत शिरते. पपायरस, तरंगतं गवत, फुटलेले असंख्य ओघ. तिथे तिचं जवळपास निम्मं पाणी वाफ होऊन उडून जातं. निळी नाईल इथिओपियात टाना सरोवरातून निघते, खोल घळीतून खाली येते आणि खार्टूमला पांढरीला मिळते. इजिप्तला पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांतून येतं: निळी नाईल, अत्बारा आणि सोबात या नद्या मिळून. तिथला पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याच मान्सूनच्या महिन्यांत पडतो. इजिप्तचा जुना पूर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येत असे, तो या पावसाचा.

विदर्भातल्या वाचकाला यातली मातीची गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. इथिओपियाचं उंच पठार बेसॉल्टचं आहे, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. त्याची झीज नाईलने हजारो वर्षं खाली वाहून नेली. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधला सुदानातला गेझिरा प्रदेश काळ्या चिकणमातीचा आहे. पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. १९२५ मध्ये सेन्नार धरण झालं आणि तिथे कालव्याच्या पाण्यावर कापूस उभा राहिला. वर्धा-यवतमाळच्या शेतकऱ्याला गेझिराच्या शेतात उभं केलं तर पायाखालची माती त्याला ओळखू येईल.

नाईलवरून भांडण कशाचं आहे?

पाण्यावर ११ देशांचा हक्क आहे आणि इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या आस्वानच्या उंच धरणाने पूर थांबवला, बारमाही सिंचन दिलं, वीज दिली. त्याच धरणाने गाळ अडवला, त्रिभुज प्रदेशाची धूप वाढवली आणि नुबियातल्या लोकांची गावं पाण्याखाली घातली. आता इथिओपियाने निळ्या नाईलवर ५,१५० मेगावॅटचं महाधरण बांधलं आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. इथिओपियातल्या लाखो घरांत अजून वीज नाही, म्हणून त्यांचा आग्रह समजतो. इजिप्तची भीतीही समजते. दुष्काळाच्या वर्षी किती पाणी सोडायचं, याचा दोघांना बांधील असा करार व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

नाईल सर्वांत लांब, मग सर्वांत मोठी नदी तीच ना?

नाही. पाण्याच्या हिशेबात काँगो कितीतरी मोठी. तिचा सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे ४१,००० घनमीटर. जगात फक्त ॲमेझॉन तिच्या पुढे. पावसाळ्यात तोतलाडोह किंवा गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की पेपरात विसर्गाचा आकडा येतो, तो या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

काँगो विषुववृत्त दोनदा ओलांडते. त्यामुळे तिच्या खोऱ्याचा काही भाग उत्तरेला, काही दक्षिणेला आणि दोन्हीकडे पावसाळा वेगवेगळ्या महिन्यांत. एकीकडचं पाणी ओसरतं तेव्हा दुसरीकडचं चढतं. वर्षभर इतकी भरलेली नदी दुर्मीळ आहे. किसांगानी ते किन्शासा असा सुमारे १,७०० किलोमीटरचा टप्पा बोटीने करता येतो. मग पठाराचा काठ येतो. किन्शासाच्या खाली लिव्हिंगस्टन धबधब्यांची मालिका आहे, जवळपास ३५० किलोमीटरच्या वाटेत नदी सुमारे २७० मीटर खाली येते, आणि याच भागात तिचं पात्र २२० मीटरपेक्षा खोल आहे. जगातली सर्वांत खोल नदी म्हणून नोंद तिचीच. इंगा इथे वीजनिर्मिती होते, पण या नदीत जेवढी वीज आहे तिच्या मानाने ती अगदी थोडी.

नायजर समुद्राजवळ उगम पावून वाळवंटाकडे का जाते?

गिनीच्या डोंगरांत, अटलांटिकपासून जेमतेम २४० किलोमीटरवर ती निघते आणि समुद्राकडे पाठ करून ईशान्येला सहाराच्या दारापर्यंत जाते. मालीत तिचा अंतर्गत त्रिभुज प्रदेश आहे, तिंबक्तू त्याच्या पलीकडे. मग ती वळते आणि नायजेरियातून गिनीच्या आखातात शिरते. एकूण ४,१८० किलोमीटर. पूर्वी या दोन वेगळ्या नद्या होत्या, एक वाळवंटाकाठच्या खोलगट भागात संपणारी आणि दुसरी दक्षिणेला वाहणारी, आणि पुढे त्या जोडल्या गेल्या, असं मानलं जातं. युरोपीय लोकांना तर ती कुठल्या दिशेला वाहते हेच माहीत नव्हतं. स्कॉटिश प्रवासी मंगो पार्कने १७९६ मध्ये मालीतल्या सेगू इथे ती पूर्वेला वाहताना पाहिली. मुख कुठे आहे ते लँडर बंधूंनी १८३० मध्ये नक्की केलं. काठावरच्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, हेही मुलांना सांगत जावं.

व्हिक्टोरिया धबधबा कसा तयार झाला?

झांबेझी नदी तिथे पठारावर पसरून, बेटांमधून, संथ येते. पुढे डोंगर संपला असंही काही नाही. पलीकडची जमीन जवळजवळ त्याच उंचीवर आहे. मधेच जमिनीला आडवी चीर आहे आणि १,७०८ मीटर रुंदीची नदी सलग त्या चिरेत पडते, १०८ मीटर खाली. चीर अरुंद, म्हणून तुषार परत वर उसळतात आणि समोरच्या काठावर त्या तुषारांवरच झाडी वाढली आहे. स्थानिक लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या, गरजणारा धूर, म्हणत. डेव्हिड लिव्हिंगस्टन तिथे १८५५ मध्ये पोहोचला.

खडक बेसॉल्टच, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. नागपूरहून काटोल किंवा अमरावतीकडे जाताना रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांत काळ्या दगडाचे थर आणि त्यांतल्या उभ्या भेगा दिसतात. झांबेझीने अशाच मोठ्या भेगांतला ठिसूळ भाग उकरला. एक चीर पोखरून झाली की नदी मागची दुसरी चीर धरते, आणि धबधबा एक पाऊल मागे सरकतो. उपग्रहाच्या चित्रात खालच्या बाजूला नागमोडी घळी दिसतात. त्यातलं एकेक वळण म्हणजे धबधब्याची एकेक जुनी जागा.

खाली करिबा धरण आहे, १९५९चं. त्याच्या जलाशयासाठी टोंगा समाजातल्या सुमारे ५७,००० माणसांना घरं सोडावी लागली. गोसीखुर्दखाली गावं गेलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्या भंडारा-नागपूरच्या लोकांना या आकड्यामागची माणसं समजतील.

नागपूर आणि सहारा एकाच अक्षवृत्तावर, मग आपण वाळवंटात का नाही?

नागपूर सुमारे २१ अंश उत्तरेला आहे. याच रेषेवरून पश्चिमेला निघालं की अरबी समुद्र, ओमान, सौदी अरेबिया, लाल समुद्र, मग उत्तर सुदानात नाईल आणि पुढे मॉरिटानियात अटलांटिकपर्यंत सगळा सहारा. विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा साधारण २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. उतरणारी हवा तापते, कोरडी होते, ढग धरत नाही. सहाराचं मुख्य कारण हे. आपल्यावरही वर्षातले बरेच महिने अशीच हवा असते. पण जूनमध्ये तापलेल्या आशियाकडे समुद्रावरून बाष्प ओढलं जातं आणि नागपूरला वर्षाकाठी साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस मिळतो. पश्चिम आफ्रिकेतही मान्सून आहे, गिनीच्या आखातावरून येणारा, पण तो साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठाच्या, पट्ट्यापर्यंत जाऊन थकतो. इतकंच काय, आपल्या मान्सूनच्या प्रभावामुळे पश्चिमेकडे पूर्व सहारावर हवा आणखी खाली उतरते आणि तो आणखी कोरडा होतो, असं हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे.

सहारा म्हणजे सगळी वाळूच का? आणि तो पूर्वी हिरवा होता म्हणतात?

वाळूच्या टेकड्या फक्त पाव भागात. बाकी उघडे खडक, गोट्यांची मैदानं आणि डोंगर. चाडमधल्या तिबेस्तीत एमी कुसी हा ज्वालामुखी ३,४०० मीटरच्या वर जातो. आणि हो, साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी तिथे गवत होतं, तळी होती. पृथ्वीच्या आसाच्या डोलण्यामुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा तेव्हा अधिक प्रखर होता आणि मान्सून उत्तरेकडे खोल शिरत होता. अल्जीरियातल्या तासिली न अज्जेरच्या खडकांवर त्या काळातली गुरं आणि रानटी प्राणी रंगवलेले आहेत.

समुद्राला न मिळणारी मोठी नदी आहे का?

ओकावांगो. आपल्या नाग नदीचं पाणीसुद्धा कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत समुद्राला लागतं. ओकावांगोचं लागत नाही. अंगोलाच्या डोंगरांतला पाऊस सपाट जमिनीवरून महिनोन्‌महिने सरकत बोत्स्वानात येतो आणि कालाहारीच्या वाळूत पसरतो. पूर पोहोचतो तो जून ते ऑगस्टमध्ये, तिथला कोरडा हंगाम ऐन भरात असताना. म्हणूनच हत्ती, म्हशी, पाणपक्षी सगळे तिथे जमतात. २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीतलं हजारावं स्थळ म्हणून त्याची नोंद झाली.

चाड सरोवरही असंच अंतर्गत. १९६०च्या दशकात सुमारे २५,००० चौरस किलोमीटर होतं, पुढच्या वीसेक वर्षांत त्यातलं ९० टक्के क्षेत्र आटलं. पुढे पाणी काहीसं परतलं.

सुएझ कालवा जलमार्गांत धरायचा का?

धरा, पण मानवनिर्मित म्हणून. १८६९ मध्ये खुला झाला, आज लांबी १९३ किलोमीटर, एकही पाणकवाड (जहाज वर-खाली नेण्यासाठी पाण्याची पातळी बदलणारं दार) नाही, कारण दोन्ही समुद्रांची पातळी जवळपास सारखी.

नकाशा स्वतः काढायचा तर सुरुवात कुठून करू?

बाह्यरेषेनंतर लगेच नद्या काढू नका. आधी पेन्सिलने विषुववृत्त आणि दोन्ही वृत्तं. मग उंच भाग तपकिरी रंगाने: इथिओपिया, पूर्व आफ्रिका, ड्रॅकेन्सबर्ग, ॲटलास, गिनीचे डोंगर. मग खोलगट भाग फिक्या हिरव्याने. त्यानंतर खचदरीचे दोन फाटे आणि त्यातली सरोवरं. व्हिक्टोरिया दोन्हींच्या मधे येतं आहे ना, ते तपासा. आता नद्या काढा: तपकिरीतून निघालेली प्रत्येक रेघ हिरव्यात उतरली पाहिजे आणि काठ ओलांडताना तिथे धबधब्याची खूण आली पाहिजे. खार्टूमचा संगम, लोकोजाला नायजरला मिळणारी बेनुए आणि काँगोचं दोनदा विषुववृत्त ओलांडणं, या तीन जागा बहुतेकांच्या चुकतात. त्या झाल्या की शेवटी सेगू, किन्शासा, आस्वान अशी नावं शाईने लिहा.